बिल्ज पंप आणि गाडीची बॅटरी एवढ्याने ड्रेज होत नाही

नदीच्या तळातली वाळू-खडी ओढून त्यातलं सोनं वेगळं करणारं सक्शन ड्रेज घरी बनवायची एक कृती सध्या फार फिरते आहे. ताशी 2000 गॅलनचा 12 व्होल्टचा बिल्ज पंप घ्या, गाडीची बॅटरी जोडा, दोन इंची ड्रेज दिवसभर चालेल. ओढ कमी वाटली तर नॉझल (पंपाचं पाणी धार होऊन पाइपात सुटतं ते तोंड; ही धार, म्हणजे जेट, मागून खडी ओढते) बारीक करा. पेट्रोल इंजिन नाही, त्यामुळे कॅलिफोर्नियात परवानाही नको. बॅटरीवरचं ड्रेज नक्की बनतं, पण या कृतीने नाही.

आधी ते 2000 गॅलन, म्हणजे सुमारे 7500 लिटर. हा आकडा पंपापुढे काहीही अडथळा नसतानाचा असतो. बिल्ज पंप होडीत साचलेलं पाणी बाहेर फेकायला बनवलेला. पाणी भरपूर, दाब नावापुरता. पाइप, वळणं आणि नॉझल लागल्यावर 3 मीटर दाबाला, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवण्याइतक्या दाबाला, ताशी साडेपाच हजार लिटर मिळाले तरी चांगलं. म्हणजे पाण्यात उतरलेली ताकद जेमतेम 45 वॉट. दोन अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन 1500 वॉटचं असतं.

खडी वर यायला नळीत सेकंदाला दीड-दोन मीटर वेग लागतो. दोन इंची नळीत दोन मीटर वेग हवा तर ताशी 14,000 लिटर पाणी वाहायला हवं. 25 मिमी नळीत साडेतीन हजारांत भागतं. म्हणून एका पंपावर 25 मिमीचीच नळी लावा. तिच्या तोंडाला 20 मिमीची स्टीलची कडी बसवा, म्हणजे आत शिरलेला दगड पुढे अडकणार नाही. जेटनंतरचा पाइप मात्र 38-40 मिमीचा ठेवा, कारण तिथे दोन्हीकडचं पाणी एकत्र येतं. खडी पंपातून कधीच जाऊ देऊ नका, प्लॅस्टिकचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, लगेच अडकतो.

नॉझलबद्दलचा सल्ला सगळ्यात जास्त नुकसान करतो. बागेच्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की धार लांब जाते, कारण मागे टाकीचा किंवा मेन लाइनचा दाब असतो. बिल्ज पंपाकडे तोंड पूर्ण बंद केलं तरी चार-पाच मीटरच दाब. नॉझल 8 मिमी केलं तर धारेचा वेग थोडा वाढतो, पण पाणी सेकंदाला दीड लिटरवरून अर्ध्या लिटरवर येतं आणि ओढ मरते. 15-16 मिमी ठेवा, धार पाइपला शक्य तितकी समांतर सोडा आणि ओढणारी बाजू हवाबंद करा. नळीचं तोंड पाण्याबाहेर आलं की ओढ तुटते, हे लक्षात असू द्या.

गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती असते. 45 अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवली की खराब होते. 10 अँपिअरला दोन तास धरा. 50 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट चार तास देते. त्याहून मोठी चूक वायरमध्ये होते. पाच मीटर लांब, 1.5 चौरस मिमीच्या जोडवायरीत 1.2 व्होल्ट गळतात. पंपाचा वेग दहा टक्के घटला तर दाब एकोणीस टक्के घटतो. 4 चौरस मिमीची वायर घ्या, धन टोकाजवळ 15 अँपिअरचा फ्यूज लावा. पंप छिद्रं पाडलेल्या बादलीत, वाळू पडते तिथून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवा.

स्लूसला, म्हणजे वाळू-पाणी वाहून सोनं मागे ठेवणार्‍या उतरत्या पन्हळीला, मीटरमागे 7-8 सेंमी उतार पुरे. पाण्यात सोडण्याआधी घरी टबात चाचणी घ्या: शिशाच्या छर्‍याचे दहा चपटे तुकडे रंगवून वाळूत मिसळा. ते वरच्या रिफलांतच, म्हणजे स्लूसमधल्या आडव्या पट्ट्यांतच, सापडले पाहिजेत. सोनं शिशाच्या पावणेदोनपट जड, म्हणजे शिसं थांबलं तर तेवढ्या आकाराचं सोनंही थांबेल.

राहिला परवाना. कॅलिफोर्नियाने 2009 मध्ये सक्शन ड्रेजिंग थांबवलं, आणि 2015 च्या कायद्यातली व्याख्या ‘यांत्रिक किंवा मोटरवर चालणारी’ अशी आहे. त्यात इंधनाचा प्रश्नच येत नाही. 12 व्होल्टचा पंपही मोटरच. सूट आहे ती हाताने पॅन (सोनं धुऊन काढायची थाळी) फिरवण्यासारख्या बिनमोटरच्या कामाला. न्यूझीलंडच्या सार्वजनिक सोनेशोध क्षेत्रांतही फक्त बिनमोटरची हत्यारं चालतात. कॅलिफोर्नियाच्या नद्यांच्या तळाशी एकोणिसाव्या शतकातल्या खाणकामाचा पारा अजून आहे, आणि पेट्रोल असो वा बॅटरी, ड्रेजने तो तितकाच ढवळून वर येतो.