घासण्याआधी भांडं वाचा

जुन्या बाजारातल्या वस्तूंमधून कलाकृती आणि गोष्ट कशी घडवायची ते लेखात छान आलंय, पण ‘पितळी भांडं आणलं की आधी पितांबरीने लख्ख करा’ हे अजिबात पटलं नाही. गोष्ट त्या मळातच असते! आपल्याकडे भांड्यावर टिंबाटिंबांनी नाव घालायची रीत. आहेराचं असेल तर देणाऱ्याचं नाव, कधी तारीखही सापडते. ही टिंबं उथळ असतात, घासून घासून बुजतात. म्हणून आधी अंधारात टॉर्च आडवा धरून काठ तपासा, अक्षरं सावलीने उठून दिसतात. तरी पुसट वाटली तर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा. आत कल्हई कुठे उरलीय, बूड किती काळं पडलंय, कान कुठल्या बाजूने झिजलाय, हे पाहता पाहता ते वापरणारं माणूस डोळ्यांपुढे उभं राहतं. हिरवा कळंक तेवढा कोरड्या टूथब्रशने काढा, तोंडाला रुमाल बांधून.

आणि कलाकृतीसाठी तुकडे जोडताना धातूला ग्लू गन नकोच. गरम गोंद थंड पितळेवर लगेच आळतो, पकड घेत नाही, उन्हाळ्यात मऊ पडून सुटतो. फक्त जोडाच्या जागी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा, थिनरने पुसा, अराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब सम प्रमाणात कालवून लावा आणि सुतळीने आवळून २४ तास हलवू नका. तुकडा जड असेल तर सरळ भोक पाडून तारेने बांधा.