बारकोडवरचे ८९० आणि मालाचा मूळ देश

‘८९० ने सुरू होणारा बारकोड म्हणजे भारतीय माल आणि ६९० ते ६९९ म्हणजे चिनी माल, कंपन्या पाकिटावर देशाचे नाव लपवतात, कारण ते छापण्याची त्यांच्यावर सक्ती नाही, पण बारकोड खोटे बोलत नाही, म्हणून खाण्याची वस्तू घेताना पहिले तीन आकडे पाहा आणि विषारी माल घरात आणू नका’, अशा आशयाचा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. गलवानच्या संघर्षानंतर २०२० साली त्याला नव्याने भरती आली आणि तो अजून ओसरलेला नाही. त्यातले आकडे बरोबर आहेत. त्यांवरून काढलेला प्रत्येक निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

बारकोडचे क्रमांक वाटण्याची व्यवस्था जीएस१ ही आंतरराष्ट्रीय संस्था पाहते. ८९० हा गट तिच्या भारतीय शाखेकडे आणि ६९० ते ६९९ हे गट चिनी शाखेकडे आहेत. एखाद्या कंपनीने भारतीय शाखेकडून क्रमांक घेतला, की तिच्या मालावर ८९० येते, मग तो माल पुण्यात तयार झालेला असो वा थायलंडमध्ये. गाडीवरच्या एमएच-१२ वरून तिची नोंदणी पुण्यात झाली एवढे कळते, ती कोणत्या कारखान्यात तयार झाली ते कळत नाही; तसेच हे आहे. पहिल्या तीन आकड्यांवरून मालाचा मूळ देश ठरवू नये, असे जीएस१ स्वतःच सांगते.

कॅलिफोर्नियाचे बदाम गोणीतून येतात, नवी मुंबईत अर्ध्या किलोच्या पाकिटात भरले जातात आणि त्यांवर ८९० छापले जाते. उलट, नाशिकच्या पॅकहाऊसमध्ये डब्यांत भरलेली निर्यातीची द्राक्षे ब्रिटनमधल्या दुकानसाखळीच्या नावाने जाणार असतील, तर त्यांवर त्या साखळीचा बारकोड चिकटतो, म्हणजे संदेशाच्या हिशेबाने निफाडची द्राक्षे ब्रिटिश ठरतात! सुपरमार्केटने स्वतः वजन करून दिलेल्या सुट्या डाळीवरचा क्रमांक बहुधा २ ने सुरू होतो; तो गट दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखलेला असून कोणत्याही देशाचा नाही. पुण्यात छापलेल्या मराठी पुस्तकावरही पुस्तकांसाठी राखलेला ९७८ हा गट असतो, ८९० नव्हे.

सक्ती नसल्याचे विधानही खरे नाही. आवेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन (म्हणजे वजनमापांच्या) नियमांनुसार आयात केलेल्या पाकिटावर मूळ देशाचे नाव असावे लागते, आयात खाद्यपदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचीही तीच अट आहे, आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी ही माहिती ऑनलाइन विक्रीतही द्यायला लावली आहे. ती सापडते पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरांत. तिथे उत्पादक, पॅकिंग करणारा, आयातदार आणि विक्रेता या चार वेगवेगळ्या भूमिका असतात, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. नुसता मुंबईचा पत्ता पाहून माल मुंबईत तयार झाला असे मानणे ही बारकोडइतकीच मोठी चूक आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या चौदा आकडी परवाना क्रमांकाचेही तेच, कारण परवाना आयातदारालाही घ्यावाच लागतो.

‘विषारी’ या शब्दामागे बहुधा २००८ चे मेलामाइन प्रकरण आहे. चीनमध्ये दुधात हे रसायन मिसळल्याने लाखो बालके आजारी पडली आणि काही दगावली. ती भीती अनाठायी नव्हती. पण भारताने तेव्हा घातलेली आयातबंदी नीट पाहिली, तर तिच्यात दूध आणि दुग्धजन्य पदार्थांबरोबरच दुधाचा अंश असलेली चॉकलेटेही नंतर घ्यावी लागली. घटक पदार्थ दुसऱ्या वस्तूच्या पोटात शिरून प्रवास करतो, हे सरकारला ओळखावे लागले. दुसऱ्या देशातल्या कंपनीने तीच दूधभुकटी वापरली असती, तर बारकोडवर ६९० दिसलेच नसते.

खरी दिशाभूल याच जागी होते, आणि ती बरीचशी नियमात बसणारी असते. खाद्यपदार्थावर दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन त्याचे स्वरूप बदलले, तर लेबलपुरता तो दुसरा देशच मूळ देश मानावा, असे आपला नियम सांगतो. त्यामुळे तिसऱ्याच देशात पिकलेला पदार्थ प्रक्रिया करणाऱ्या देशाच्या नावाने आपल्याकडे येऊ शकतो. देशात तयार होणाऱ्या मालाची गोष्ट याहून सोपी: इंडोनेशियाच्या पामतेलात तळलेले वेफर भारतीयच असतात आणि तेल कुठले हे त्यांवर छापावे लागत नाही. म्यानमार किंवा मोझांबिकची तूर अकोल्याच्या मिलमध्ये भरडल्यावर तिचे स्वरूप खरोखर बदलले का, यावर वाद घालता येईल. पाकिटावर बहुधा मिलचा पत्ता तेवढा दिसतो. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांनी मुख्य घटकाचा मूळ देश छापण्याची मागणी लावून धरली, तर तिला काही अर्थ आहे.

तैवानचा ४७१ हा गटही चिनीच समजावा, अशी पुरवणी काही जण संदेशाला जोडतात. तिलाही वरचेच उत्तर लागू पडते.

आयात मालावर मूळ देश छापलेलाच नसेल, तर पाकिटाच्या सर्व बाजूंचे फोटो आणि बिल जपून ठेवून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा राज्याच्या वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे तक्रार करता येते. त्या तक्रारीत बारकोडच्या पहिल्या तीन आकड्यांचा पुरावा म्हणून काहीही उपयोग होत नाही.