एकटीला समुद्रावर काय लागतं?

हायनानहून आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातायत. पुरुष विचारतात, "खायला काय मिळालं?" बायका विचारतात, "भीती नाही वाटली?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, खाली येईलच. दुसऱ्याचं देताना मी दरवेळी फाटे फोडत बसते आणि समोरची चहा संपवून निघून जाते. म्हणून एकदाच लिहून टाकतेय. तेही फक्त पहिल्या दिवसाबद्दल, कारण नंतर नजर सरावते आणि दिसायचं ते दिसेनासं होतं.

हायनान हे चीनच्या अगदी दक्षिणेचं बेट, केरळपेक्षा जरा लहान. १९८८ पर्यंत ग्वांगदोंग प्रांताचा भाग होतं, त्या वर्षी वेगळा प्रांत झाला. सान्या हे त्याच्या दक्षिण टोकावरचं शहर. आपल्याकडे पेपरात हे नाव आलं असेल तर २०११ च्या ब्रिक्स परिषदेमुळे, तेव्हा मनमोहन सिंग तिथे गेले होते. नकाशा काढून पाहिलात तर आणखी एक गंमत दिसेल. सान्या साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या श्रीवर्धन-मुरूडच्या रेषेत. श्रीवर्धन माझं आजोळ. त्यामुळे नारळ, दमट हवा, केसांचं होणारं चिपाड, यातलं काहीच मला नवीन नव्हतं. जायचं कारणही भव्य वगैरे नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू थेट विमान पुन्हा सुरू झालं, मला चीन बघायचा होता, आणि जानेवारीत बीजिंगच्या थंडीत कुडकुडायची माझी तयारी नव्हती. व्हिसा मात्र रीतसर काढावा लागतो. बऱ्याच देशांच्या लोकांना हायनानपुरता लागत नाही, त्या यादीत आपण नाही.

सान्याच्या विमानतळावर उतरल्यावर पहिलं दृश्य काय, तर लोक कपडे काढतायत. घाबरू नका. उत्तरेकडून, हार्बिनसारख्या ठिकाणांहून आलेली विमानं, तिथे उणे वीस डिग्री, इथे पंचवीस. सामानाच्या पट्ट्यापाशीच जाडजूड कोट, लोकरी टोप्या, आतल्या थर्मलच्या विजारी उतरवून पिशव्यांत कोंबणं चालू होतं. एका आजींनी कोट काढला तर आत नारळाच्या झाडांची छपाई असलेला भगभगीत निळा शर्ट तयारच होता! नातवाचा तसाच, मुलाचा तसाच, सुनेचाही. हा तिथला गणवेश आहे. सबंध खानदान एकाच कापडात, हाफ चड्डीसकट. आपल्याकडे लग्नात एका ताग्यातल्या साड्या घेतात ना, तेच.

हॉटेलवर पासपोर्ट दिला. परदेशी माणसाची नोंद चोवीस तासांच्या आत पोलिसांकडे जावी लागते, ती हॉटेलच करतं. रिसेप्शनवरच्या पोरीने फोनमधल्या भाषांतरावर मला एवढंच विचारलं की नाश्ता हवा का. एवढंच! मी क्षणभर थांबले, पुढचा प्रश्न येईल म्हणून. 'मॅडम, सोबत कोण आहे?' तो आलाच नाही. कोकणातल्या एका लॉजवर मला याच प्रश्नावरून परत पाठवलं होतं, "एकट्या लेडीजना आम्ही देत नाही" म्हणून, आणि तेही माझ्या आजोळापासून तासाभराच्या अंतरावर. माझं वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होतं, हे मुद्दाम सांगते. म्हणजे आम्ही नक्की काय दिवे लावू अशी त्यांची कल्पना होती, देव जाणे.

दुपारी दादोंगहायला गेले. सान्यात मोठे उपसागर बरेच आहेत. यालोंग आणि हायतांग हे श्रीमंती, पंचतारांकित हॉटेलांचे. हायतांगला तो प्रचंड ड्यूटी-फ्री मॉलही आहे, ज्यांना पर्सा घ्यायच्यात त्यांनी खुशाल जावं. दादोंगहाय शहराला लागून, सगळ्यांचा. पाट्या चिनी आणि रशियन, इंग्रजी असली तर असली. रशियन लोक इथे पूर्वीपासून येतात, दुकानदारणी त्यांच्याशी रशियनमध्ये भाव करतात आणि माझ्याशीही आधी रशियनच बोलल्या. (माझा रंग पाहता याला आत्मविश्वास म्हणावं लागेल.)

या किनाऱ्यावर मी दोनेक तास नुसती बसले आणि माणसं पाहिली. चिनी बायका उन्हात पडत नाहीत. छत्र्या, लांब हाताचे जाकीट, चेहऱ्यावर डोळ्यांपुरतं उघडं ठेवणारं फडकं, त्यावर टोपी. काळं पडायची भीती आपल्याइतकीच, कदाचित जास्त. शेजारी रशियन बाई दोन चिंध्यांत भाजून निघतेय. पलीकडे साठी-सत्तरीचे लोक कमरेला दोरीने नारिंगी फुगा बांधून शांतपणे पार आत पोहायला निघालेत, फुगा मागून तरंगत येतो. त्यात बायका बऱ्याच. एक आजी पोहून आल्या, पाण्याने पाय धुतले, थर्मासातलं गरम पाणी प्यायल्या आणि तिथेच उभ्या राहून मांड्यांवर थापट्या मारत व्यायाम करू लागल्या. पोहायचा पोशाख, सुटलेलं पोट, ऑपरेशनचा आडवा व्रण, सगळं उघड. कोणीही बघत नव्हतं. मी बघत होते, पण मी पाहुणी.

या दादोंगहायचं आणखी एक प्रकरण आहे. इथे काही वर्षं म्हातारे पुरुष नागवे ऊन खात पडायचे, संधिवाताला आणि त्वचारोगाला बरं म्हणून. २०१४ मध्ये प्रशासनाने ते बंद केलं. म्हणजे अगदीच रामराज्य नव्हतं तिथेही.

मग मीही पाण्यात गेले. लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख, जो मी जुहूला किंवा अलिबागला घालून उतरायची हिंमत केलेली नाही. दोरी लावून हद्द आखलेली, जीवरक्षक शिट्टी घेऊन उभे. पिशवी शेजारच्या कुटुंबाला खुणेने दाखवली, त्यांनी मान हलवली. पाणी आपल्या डिसेंबरच्या समुद्राइतकं, पहिल्या लाटेला हुडहुडी, मग छान. बाहेर आल्यावर थोडे पैसे भरून गोड्या पाण्याची आंघोळ आणि कपडे बदलायला दार लागणारी खोली. दाराला कडी होती. ही कडी मला त्या सबंध दिवसातली सगळ्यात मोठी चैन वाटली. गोव्यात भरतीच्या लाटा बघत ओल्या पंजाबी ड्रेसवर तासभर बसलेल्या बायकांना कळेल मी काय म्हणतेय ते. पुरुषांनी पुढे वाचावं.

खायचं. शहरात 'पहिला बाजार' नावाची मोठी मंडई आहे. मासळी जिवंत, पाण्याच्या टाक्यांत. आपण निवडायची, वजन जिनमध्ये, जिन म्हणजे अर्धा किलो. ती पिशवी घेऊन शेजारच्या खाणावळीत जायचं, ते वजनावर मजुरी घेऊन करून देतात. या धंद्यात लुबाडणूकही खूप झालेली आहे. २०१२ च्या चिनी नववर्षाला तीन साध्या पदार्थांचं बिल चार हजार युआनच्या घरात लावल्याची तक्रार इंटरनेटवर गाजली, देशभर बदनामी झाली, मग सरकारने दरावर नजर ठेवायला सुरुवात केली. पैसे सगळे फोनवर. अलीपे या तिथल्या पैसे भरायच्या ॲपला आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येतं, ते घरून निघण्याआधी जोडा.

पण एकट्या माणसाची खरी पंचाईत इथे होते. चीनमध्ये जेवण हे टोळीने करायचं काम आहे. गोल टेबल, मध्ये फिरती काच, आठ जण. मी मूठभर कोळंबी आणि चार शिंपले घेतले तर कोळीण माझ्या मागे बघायला लागली, बाकीचे कुठे म्हणून. खाणावळीतही दोन जणांची भांडी मांडली, मग एक उचलली. तो प्रश्न चिकित्सेचा नव्हता, हिशोबाचा होता, आणि हा फरक बाईला पाठीतूनही कळतो. शिंपल्यांवर लसूण आणि शेवया घालून वाफवलेलं जे आलं ते मी आजन्म विसरणार नाही. कोळंबी मात्र नुसती उकडलेली. आपल्या हातची तिखट-चिंचेची सर तिला नाही, उगाच खोटं कशाला बोला.

मंडईच्या बाहेर एक म्हातारी सुपारी विकत बसली होती. चीनमधली जवळजवळ सगळी सुपारी हायनानमध्ये होते, हे मी वाचून गेले होते, पण बघणं वेगळं. हिरवी ओली फळं, सालासकट. बुटकी सुरी, एका दाबात उभी चिरते, पुन्हा आडवी धरून चार फोडी. पानाला बोटाने चुना, गुंडाळी, फोडीबरोबर हातावर. कात नाही. तिचे दात आणि ओठ माझ्या आजीच्या शेजारणींसारखे लाल. आमच्याकडची रोठा सुपारी वाळवून, सोलून, महिनोन्महिने वाट बघून खायची, हिला धीरच नाही. मी तोंडात टाकली. तिने पहिला रस थुंकायची खूण केली, तो थुंकला, आणि दोन मिनिटांत लागली! कान गरम, कपाळाला घाम, पायाखालची फरशी जराशी तिरकी. म्हातारी आणि शेजारची भाजीवाली पोट धरून हसल्या, मला बसायला स्टूल दिलं. सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो, यात वाद नाही, चीनने २०२१ मध्ये प्रसारमाध्यमांतल्या तिच्या जाहिराती बंद केल्यात. तेव्हा हे कोणी करून बघू नका. मी त्या स्टुलावर अर्धा तास बसले आणि एकही शब्द न समजता झकास गप्पा मारल्या, एवढंच नोंदवते.

आता मुख्य मुद्दा. संध्याकाळी सान्या उपसागराच्या बाजूला गेले. हा पश्चिमेकडे तोंड करून, मावळतीचा. चीनभर घड्याळ बीजिंगचं, त्यामुळे सूर्य सहा वाजून गेल्यावर बुडतो. किनाऱ्याला समांतर मैलोन्‌मैल माडांची राई, मधून चालायचा रस्ता, दिवे. आणि अंधार पडला तशा बायका वाढत गेल्या. पुन्हा वाचा. अंधार पडल्यावर बायका वाढल्या, घटल्या नाहीत. दर पन्नास पावलांवर एक स्पीकर आणि त्यासमोर रांगेत नाचणाऱ्या काकवा, आज्या. कुठे पंखे घेऊन, कुठे एकसारखे लाल टीशर्ट घालून. पाठीमागे कोणी सॅक्सोफोन वाजवतंय, भसाडा.

या बहुतेक चीनच्या ईशान्येच्या, हेलोंगच्यांग, जीलिन, ल्याओनिंग या थंड प्रांतांतल्या. थंडीचे चार-पाच महिने इथे येऊन राहतात. चीनमध्ये कामगार बायका पन्नाशीला आणि नोकरदार पदांवरच्या पंचावन्नला निवृत्त होत आल्या. ते वय २०२५ पासून हळूहळू वाढवायला घेतलंय. म्हणजे पेन्शन आहे, गुडघे अजून शाबूत आहेत, नातू कधीमधी सांभाळायचा. स्थानिकांची यांच्यावर कुरकुरही आहे. घरांचे भाव या बाहेरच्यांनी चढवले, इतके की २०१८ मध्ये सरकारने बेटभर घरखरेदीवर निर्बंध आणले. ते असो. मी मात्र त्या गर्दीत रात्री उशिरापर्यंत एकटी फिरले आणि माझ्या लक्षात आलं की खांद्यावरची पर्स मी पोटाशी धरलेली नाही.

आल्यावर हे सांगितलं की लोक म्हणतात, "अगं, तिथे कॅमेरे असतात." असतात, खांबाखांबावर. ते मला आवडलेलं नाही. गुगल चालत नाही, व्हॉट्सॲप चालत नाही, माझ्या मुक्कामाची नोंद पोलिसांकडे, जेवलेल्या प्रत्येक शिंपल्याची फोनमध्ये. या देशात मला राहायला सांगितलं तर मी नको म्हणेन. पण कॅमेऱ्याने बाई सुरक्षित होते हे मला पटत नाही. जून २०२२ मध्ये तांगशान शहरात रात्री जेवायला बसलेल्या बाईने अंगाशी येणाऱ्या पुरुषाला झिडकारलं म्हणून तिला आणि मैत्रिणींना बेदम मारलं. सगळं कॅमेऱ्यात आलं, देशाने पाहिलं, पण मार चुकला नाही. तेव्हा चीनमधल्या बायका सुखात आहेत असलं काहीही मी म्हणत नाहीये. त्या एका किनाऱ्यावर, त्या रात्री, माझ्या आजूबाजूला माझ्या वयाच्या शेकडो बायका काहीही कारण नसताना घराबाहेर होत्या. माझा जीव त्यामुळे निवांत होता, असं माझं मत आहे.

आणि त्या आपोआप आल्या नव्हत्या. दिवे होते, स्वच्छ मुतारी होती (हो, हाच शब्द वापरते, पर्यटनाच्या आराखड्यात तो कधी येत नाही), सपाट रस्ता होता, बस होती. आमच्या श्रीवर्धनला आता किनाऱ्यावर चांगला बांधीव रस्ता झालाय, हे मान्य. पण रात्री साडेआठनंतर तिथे कोण दिसतं? बाइकवरची पोरं आणि गाडीचं दार उघडं टाकून बसलेले चौघे. गावातल्या बायका किनाऱ्यावर कधी जातात, तर पाहुणे आले की. कोकणच्या पर्यटनावर जेवढ्या सभा ऐकल्या तेवढ्यांत जेट्टी, स्कूटर, पॅरासेलिंग. स्थानिक बाई संध्याकाळी तिथे पाय मोकळे करायला का येत नाही, हे कोणी विचारताना ऐकलं नाही. ती आली तर बाहेरची एकटी बाई आपोआप येईल. 'महिला विशेष सहल'वाल्यांनी रागावू नये, पण मला गुलाबी टोपी नकोय.

जायचं असेल त्यांच्यासाठी: डिसेंबर ते मार्च उत्तम, चिनी नववर्षाचे आठवडे सोडून, तेव्हा दर गगनाला भिडतात. जुलै ते ऑक्टोबर वादळांचा काळ. नकाशाचं आणि भाषांतराचं ॲप इथूनच टाकून जा. शाकाहारी मंडळींनी विचार करून जावं, किंवा फळांवर राहायची तयारी ठेवावी. सान्याजवळच्या नान्शानला बौद्धांच्या करुणेच्या देवीची, क्वान्यिनची, १०८ मीटर उंच मूर्ती आहे, तिथल्या मठात शाकाहारी जेवण मिळतं, पण रोज कोण तिथवर जाणार. खर्च किती आला ते इनबॉक्समध्ये विचारू नका, विमानाचे दर मी घेतले तेव्हाचे आणि आजचे यांचा काही ताळमेळ उरलेला नाही.