मामाचं ताट

तिन्हीसांजेनंतर मामा घराबाहेर पडायचा नाही. सांगलीच्या घरात उंबऱ्याला ठेचकाळायचा, तांब्या लवंडायचा. आम्ही त्याला धांदरट म्हणायचो. पुढे मीही अंधारात धडपडायला लागलो, तेव्हा ‘अगदी मामावर गेलाय’ म्हणून सगळे हसले.

ते खरंच होतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा, थोडक्यात आरपी, डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार. आधी रातांधळेपणा, मग नजर कडेकडेने आत येत जाते. आमच्या घरातला प्रकार एक्स गुणसूत्रावरचा : आई वाहक, म्हणजे दोष पुढे देणारी, आजार तिच्या भावाला आणि मुलाला. हे मला कळलं इंग्लंडला, लीड्समध्ये, ३४व्या वर्षी. मामा तोवर गेला होता.

इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण इथल्या बऱ्याच रुग्णालयांत डोळ्यांच्या विभागात ‘एक्लो’ असतात. कागदपत्रं, नोकरी, भीती, सगळ्यांबद्दल बोलणारं माणूस. त्या बाईंनी मला रेटिना यूके या अशा रुग्णांसाठीच्या संस्थेच्या गटाचा पत्ता दिला. पहिल्या बैठकीत चहाला काळे मग होते. दूध किती पडलं ते पांढऱ्या कपात दिसत नाही, काळ्यात दिसतं. एवढं साधं! मला आठवलं मामाचं चकचकीत स्टीलचं ताट. ट्यूबलाइट त्यात चमकायची आणि मामा भात बोटांनी चाचपायचा. मामी म्हणायची, नीट जेवा की.

आता घरच्या ग्रुपवर गेला महिनाभर वाद चाललाय. मामेबहिणीचा मुलगा १४ वर्षांचा, संध्याकाळी धडकतो. त्याला तपासायला न्यायचं, की त्याच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरेपर्यंत थांबायचं? ‘एकदा नाव लागलं की स्थळं फिरकणार नाहीत,’ असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणतो, उद्या अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं तरी लोक म्हणतील बोगस, मोबाइल तर वाचतोय. (मधली नजर बराच काळ शाबूत राहते, म्हणून वाचता येतं. कडेचा खांब दिसत नाही. हे मला इथल्या बसमध्येही समजवावं लागलंय.)

मुलाला उद्याच न्या, असं मी लिहिलं. ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातंय,’ असं उत्तर आलं, आणि ते झोंबलं, कारण त्यात तथ्य आहे. मी उघड बोललो त्याची किंमत म्हणजे गाडीचा परवाना गेला. नोकरी राहिली, दृष्टिदोषाचा दाखला असला की २०१०चा समानता कायदा तुम्हाला आपोआप अपंग मानतो. कांदेपोह्यांच्या बैठकीला असा कायदा लागत नाही. तरीही माझं मत तेच आहे. मुलीला नकार मिळेल या भीतीने मुलाला एकटं पाडणं मला पटत नाही. तीही वाहक असू शकते. ते तिला लग्नाआधी कळायला हवं, नंतर नव्हे.

आणि इथल्या गटाचंही फार कौतुक नको. तिथे मला समजून घेणारे आहेत, पण स्थळं, ग्रहणातलं डोहाळजेवण, ‘पूर्वजन्मीचं काहीतरी’ हे कुणाला सांगणार?

परवा रात्री त्या पोराचाच फोन आला, आईच्या मोबाइलवरून, हळू आवाजात. “मामा, मॅच संपत आली की बॉल दिसतच नाही. तुला पण असंच व्हायचं?”

“हो,” म्हटलं. “स्लिपमध्ये उभा राहू नकोस.”

मग आम्ही तासभर बोललो.