बाग किती दिवसांची झाली?

मी नाशिकच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही येतील तेव्हा. त्यामुळे वेळेबद्दल बोलायचा थोडा हक्क आपल्यालाही आहे असं समजून लिहितोय.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे वेळेच्या नियोजनावर व्याख्यान झालं. पाहुणे उत्साही होते. पहाटे पाचला उठा, कामांचे चार चौकोन पाडा, पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं सुट्टी. (ही पंचवीस मिनिटांची युक्ती १९८० च्या दशकात फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून काढली. वाईट नाही. पेपर तपासताना मीही वापरतो.) मग त्यांनी विचारलं, "पाचला कोण कोण उठतं?" मागच्या बाकांवरून आठ-दहा हात वर गेले. पाहुणे खूश! ती पोरं दिंडोरी-निफाडकडची आहेत आणि पाचला उठली नाहीत तर गाडी हुकते, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

त्या हातांपैकी एक हात माझ्या पहिल्या तासाला कायम पंधरा-वीस मिनिटं उशिरा येतो. दोनदा मी त्याला दाराबाहेर उभं केलं. तिसऱ्यांदा निदान कारण तरी विचारावं म्हणून थांबवलं. मळ्यातून पिंपळगाव बसवंत, तिथून एसटीने सीबीएस (नाशिकचं मध्यवर्ती बसस्थानक), तिथून सिटीलिंक ही शहर बस पकडून गंगापूर रोड. वाटेत द्वारका चौकात गर्दी नसली तर पावणेदोन तास. जाऊन-येऊन साडेतीन. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २१ तास.

आता आमचा हिशेब बघा. २२ क्रेडिटचं सत्र, थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. पंधरा आठवड्यांत बसवायचं म्हणजे आठवड्याला किमान २२ तास वर्गात. हा मुलगा जवळपास जेवढा वेळ शिकतो तेवढाच प्रवासात घालवतो, आणि मी त्याला 'वेळेची किंमत नाही तुला' असं ऐकवलं होतं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

आणि हे फक्त जाण्या-येण्याचं झालं. आपल्याकडचं द्राक्षाचं वेळापत्रक ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ऑक्टोबर छाटणी झाली की पेस्ट (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावायचं औषध), मग फेलफूट (नको त्या फुटी काढणं), विरळणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), आणि नेमक्या तेव्हाच आमच्या सबमिशन्स आणि सत्र परीक्षा. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल काढायचा, तेव्हा दुसऱ्या सत्राच्या चाचण्या. एप्रिलला खरड छाटणी (माल काढल्यावरची), तेव्हा वार्षिक धावपळ. मजूर मिळत नाहीत, घरचं पोरगं बागेत लागतंच. विद्यापीठाचं कॅलेंडर आणि बागेचं कॅलेंडर कोणीतरी मुद्दाम एकमेकांवर ठेवल्यासारखं आहे.

पण गंमत इथेच आहे. तुम्ही या घरात जाऊन विचारा, 'बाग किती दिवसांची झाली?' शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, सत्तेचाळीस. छाटणीच्या तारखेपासून दिवस मोजायचे, कोणत्या दिवसाच्या आसपास कोणतं काम ते ठरलेलं, आणि मध्ये अवकाळी येणार हे गृहीतच. मनासारखं हवामान धरून कोणी बागेचं नियोजन करत नाही. मागच्या वर्षी काय झालं, त्याच्या आदल्या वर्षी काय झालं, त्यावर चालतं सगळं.

तोच मुलगा प्रोजेक्टबद्दल विचारलं की म्हणतो, "चार दिवसांत उरकतो सर."

डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये माणसाच्या या खोडीबद्दल लिहिलं. आपल्या कामाचा अंदाज बांधताना आपण मागचा अनुभव बाजूला ठेवतो आणि सगळं सुरळीत होईल असं चित्र रंगवतो. पुढे १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४. सगळं बिनसलं तर? ४९. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे अवकाळीसकट केलेला अंदाजसुद्धा कमी पडला.

म्हणून मी वर्गात पहाटे उठायचं सांगणं सोडून दिलंय. पुढच्या आठवड्याचं रंगीत पेनांचं वेळापत्रकही नको म्हणतो. गेल्या आठवड्यात काय झालं ते लिहून आणा. प्रवास, बाग, घरकाम, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अर्धवेळ कामाला जाणाऱ्यांची शिफ्ट, सगळं वजा करा. मग उरतं ते तुमचं. शहरातल्या काही पोरांचे भरपूर तास उरले आणि ते सगळे मोबाइलमध्ये गेलेले निघाले, तेव्हा वर्ग शांत होता. एकीचे रोजचे दीड तास उरले. तिने त्या दीड तासात काय बसेल तेवढंच ठरवलं, आणि मला वाटतं वर्गातलं सगळ्यात शहाणं नियोजन तिचंच आहे. (माझा स्वतःचा मोबाइल किती तास दाखवत होता ते विचारू नका. शिकवणाऱ्याची थोडी तरी अब्रू राहू द्या.)

आमचंही चुकतं, हे सहकाऱ्यांना आवडलं नाही तरी लिहितो. सगळ्या विषयांची जर्नल्स एकाच आठवड्यात मागायची, चाचणीची तारीख दोन दिवस आधी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, आणि वर पोरांना नियोजन शिकवायला पाहुणे बोलवायचे!

यंदा मी माझ्या विषयाच्या तिन्ही सबमिशनच्या तारखा पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहिल्या. तिसरी होती २८ नोव्हेंबर. तो उशिरा येणारा मुलगा बोटांवर काहीतरी मोजत होता.

"सर, आमचे अण्णा दहा ऑक्टोबरला छाटतात."

"मग?"

"बाग तेव्हा पन्नास दिवसांची येईल. डिपिंग चालू असेल. आठवडाभर अलीकडे घ्या ना."

घेतली. २१ नोव्हेंबर. शहरातली पोरं अजून कुरकुरताहेत.