बार्शी लाईटची वाट, काळं रान आणि हँगर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कुर्डुवाडी–बार्शी टापूतल्या ग्रॅव्हल मार्गांबद्दल, म्हणजे सायकलने जायच्या मुरमाच्या-मातीच्या कच्च्या वाटांबद्दल, वाचून तुम्ही ऑगस्टमध्ये सायकल काढलीत. 'जुनी रेल्वेवाट' सापडलीच नाही, तिथे ब्रॉडगेज निघाली. रुळांच्या खडीवरून थोडं रेटल्यावर रेल्वेच्या माणसाने हटकलं. मग शेतातल्या वाटेने मोडनिंबकडे निघालात, तर 40 मिलिमीटरचे टायर काळ्या मातीने जाम झाले आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, तुटला; 'हलका माल' म्हणालात. शिवाय काटे: 'ट्यूबलेस असूनही', म्हणजे आत ट्यूब नसलेले टायर असूनही, पंक्चर झालं. वाटेत एका शेतकऱ्यानेही अडवलं. शेवटचा टोला असा की हे सगळं महागड्या सायकलवाल्यांचं खूळ आहे.

आधी रेल्वे. बार्शी लाईट, म्हणजे कुर्डुवाडी–बार्शीची जुनी छोटी रेल्वे, 1897 मध्ये अडीच फुटी गेजवर सुरू झाली, 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेपर्यंत गेली. परदेशात गाडी बंद पडली की रूळ उचलून तिथे सायकलवाट करतात. आपल्याकडे गाडी बंद पडलीच नाही, रुंद झाली. 2008 पर्यंत कुर्डुवाडी–लातूर पूर्ण ब्रॉडगेज झाली आणि बहुतेक ठिकाणी नवा मार्ग जुन्याच्या अंगावर किंवा अगदी शेजारी आला. मोठा फरक पडला तो पांगरी–येडशी भागात, कारण नवी लाईन उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, वळसा घालून गेली. पण त्या बाजूला रामलिंग घाटाचं अभयारण्य आहे. वनखात्याला विचारल्याशिवाय तिथे चाक घालायचं नाही.

तेव्हा या मार्गावर रेल्वेवाट म्हणजे रुळांच्या हद्दीबाहेरून, त्यांच्या दिशेने जाणाऱ्या पाणंदी आणि मुरमाच्या वाटा. रुळांच्या कडेने चालवणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि त्यात मजाही नाही. ती खडी 20 ते 65 मिलिमीटरची, मुद्दाम धारदार कडांची असते, कारण दगड एकमेकांत अडकून बसायला हवेत. टायरची बाजूची भिंत ती सहज चिरते आणि तिथली चीर सीलंटने, म्हणजे टायरच्या आत घातलेल्या भोक बुजवणाऱ्या द्रवाने, भरत नाही. रुळांचा खरा उपयोग चढासाठी आहे. गाडीला चढ सोसत नाही म्हणून इंजिनिअरांनी सपाट रेषा शोधलेली असते, तिला धरून राहिलात की दम राहतो. मात्र रुळ ओलांडायला फाटकांच्या जागी जे भुयारी रस्ते झालेत, ते पावसाळ्यात कंबरभर तुंबतात. नकाशावर सरळ दिसणारी वाट तिथेच तुटते, म्हणून दोन्ही बाजूंची गावं आधीच पाहून ठेवायची.

आता चिखल. तुमचा खरा घात इथे झाला, आणि तो टायरच्या रुंदीने नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण काळी माती पाणी शोषून फुगते आणि धरून ठेवते. मुरमावर पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी जाता येतं. काळ्या रानात कडक ऊन पडूनही तीन-चार दिवस थांबावं लागतं. वर कोरडी पापडी, खाली लोणी, हा सगळ्यात फसवा प्रकार. उतरून मूठभर माती घ्या आणि तळहातांत वळा. करंगळीएवढी वात तुटल्याशिवाय झाली, तर तिथूनच परत फिरा. वात होण्याआधी भुगा झाला तर चला. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानात तर जुलै ते ऑक्टोबर हा प्रयोगही करू नका.

हँगर कसा तुटतो ते सांगतो, कारण 'हलका माल' हे त्याचं कारण नसतं. चिखल आधी टायर आणि फ्रेममधल्या फटीत बसतो, चाक जड होतं. आपण जोर लावतो. तोवर गवत-काडीसकट तोच गाळ डिरेलरच्या दोन छोट्या चाकांत गेलेला असतो, चेन अडते, आणि पायाचा सगळा जोर डिरेलरला मागे ओढून स्पोकमध्ये घालतो. हँगर मऊ ॲल्युमिनियमचा असतो तो फ्रेम वाचावी म्हणूनच. पेडल जड लागलं की त्याच क्षणी थांबा. सायकल उचलून घ्या, ढकलू नका, ढकलतानाही गाळ भरतच जातो. लाकडी काडीने फट मोकळी करा, डिरेलरवर बाटलीतलं पाणी ओता, मग पेडल हाताने उलटं फिरवून पाहा. टायरभोवती सगळीकडे 10 मिलिमीटर तरी फट हवी. फ्रेममध्ये 40 जेमतेम बसत असेल तर पावसाळ्यात 35 चाच टायर घाला. आपल्या फ्रेमच्या मापाचा सुटा हँगर पिशवीत असलाच पाहिजे, कारण कुर्डुवाडीत किंवा बार्शीत तो ऐनवेळी मिळेल या भरवशावर निघणं बरं नाही.

काट्यांत दोन जाती. सराटा बारीक भोक पाडतो, ते सीलंट बुजवतं. वेड्या बाभळीचा काटा लांब, तो टायर पार करून रिमच्या टेपपर्यंत जातो. बांधावर तोडून टाकलेल्या फांद्या दिसल्या की उतरा. ट्यूबलेस असेल तर काटा उपसू नका, तसाच मोडून घरापर्यंत या. 40 च्या टायरला 60 ते 80 मिलिलिटर सीलंट लागतं आणि आपल्या उन्हात ते दीड-दोन महिन्यांत सुकतं. तुमचं पंक्चर 'ट्यूबलेस असूनही' झालं म्हणता, तर आधी व्हॉल्व्ह काढून आत ओल उरली आहे का बघा. हवा साधारण 70 किलोच्या माणसाला मागे 35, पुढे 32 पीएसआय. ट्यूब असेल तर पाच वाढवा, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात.

शेतकऱ्याने अडवलं, यात त्याचं चुकलं नाही. उपग्रहाच्या चित्रात दिसणारी प्रत्येक रेघ रस्ता नसते, कित्येक एखाद्या वस्तीवर जाऊन संपतात. भूमी अभिलेखच्या गाव नकाशावर दुहेरी तुटक रेष म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक म्हणजे पायमार्ग. हे दोन धरून आखा. चित्रातला रंगही कामाचा: फिकट तांबूस पट्टा बहुधा मुरूम, गडद पट्टा काळी. उजनीच्या कालव्याचा भराव चांगला वाटतो, पण अस्तर केलेल्या उतारावरून आत पडलात तर आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, वर चढता येत नाही. तिथे पाण्याच्या काठापासून लांब, भरावाच्या बाहेरच्या बाजूने चालवा आणि पाटकऱ्याने थांबवलं तर वाद घालू नका. गाळप हंगामात पाणंदीवर उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोर आला, तर तो थांबू शकत नाही हे धरून तुम्हीच बांधावर चढायचं.

राहिलं महागड्या सायकलचं. साध्या 28 इंची सायकलने मुरमाचा अख्खा मार्ग होतो, रोज होतोच आहे. तिला डिरेलर नाही, म्हणजे तुटायला हँगरही नाही. फक्त पावसाळ्यात दोन्ही मडगार्ड काढून ठेवा, काळी माती सगळ्यात आधी तिथेच भरते. आणि जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेचा असतो, तेव्हा कुर्डुवाडीहून बार्शीकडे जा, उलट नको.