ती मॅच दानाची नव्हती, बॉन्डची होती

काल रात्री आत्यानं फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, "माझी एफडी मोडून देऊ का रे?" म्हणून हे लिहितोय, नाहीतर असले मेसेज मी वाचतही नाही.

फॉरवर्ड थोडक्यात असा: १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये एकाच मैदानावर तीन टीमची बेसबॉल मॅच झाली, ५०,००० सामान्य लोकांनी एका दिवसात ५ कोटी ६५ लाख डॉलर सरकारला दान दिले, कुणी परत मागितले नाहीत, प्रचारही करावा लागला नाही, मग आपण व्याजावर का भांडतो? आणि खाली एक क्यूआर कोड.

मॅच खरी आहे, हे मान्य. २६ जून १९४४, पोलो ग्राउंड्स. डॉजर्स, यांकीज आणि जायंट्स, नऊ इनिंगपैकी प्रत्येक टीम सहा खेळली आणि तीन बसून राहिली, डॉजर्स ५, यांकीज १, जायंट्स ०. हे वेळापत्रक कोलंबिया विद्यापीठातल्या गणिताच्या प्रोफेसरांनी बसवलं होतं. पन्नास हजारांवर लोक आले हेही खरं.

पण दान? आत जायचं तर वॉर बॉन्ड घ्यावा लागायचा, आणि बॉन्ड म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या खर्चासाठी सरकारला दिलेलं कर्ज. १८.७५ डॉलर आज भरायचे, दहा वर्षांनी २५ डॉलर परत. शाळेतली पोरं २५ सेंटचे स्टॅम्प वहीत चिकटवायची, ७५ स्टॅम्प झाले की बरोबर १८.७५ होतात, ती वही देऊन बॉन्ड घ्यायचा. आत्याकडे पोस्टाचं सर्टिफिकेट आहे ना, तोच प्रकार, त्याला ती कधी दान म्हणाली नाही. व्याज २.९ टक्के म्हणजे कमीच होतं, लोकांनी देशप्रेमानं घेतले हेही मी नाकारत नाही, पण कागद हातात होता आणि पैसे परत मिळणार होते.

आता तो आकडा, ज्यावर अख्खा फॉरवर्ड उभा आहे. ५ कोटी ६५ लाखांपैकी ५ कोटींचे बॉन्ड एकट्या न्यूयॉर्क शहरानं घेतले, महापौर ला गार्डिया यांनी तसं जाहीर केलं होतं. आणखी १० लाखांचे एका कपड्यांच्या दुकानांच्या कंपनीनं घेतले, खेळाडूंच्या सह्या असलेल्या एका कार्यक्रमपत्रिकेसाठी. तिकिटांतून आले सुमारे ५५ लाख, म्हणजे दहावा हिस्साही नाही. "सामान्य माणसानं दिले" म्हणून जे छापलंय त्यातलं बहुतेक महापालिकेचं आहे!

प्रचाराचं तर बोलायलाच नको. अमेरिकेचे अर्थमंत्री मॉर्गेंथाऊ यांचा हेतूच असा होता की बॉन्डच्या निमित्तानं युद्ध लोकांच्या गळी उतरवायचं. हॉलीवूडची नटी कॅरोल लोम्बार्ड १९४२ च्या जानेवारीत इंडियानापोलिसला एका दिवसात २० लाखांच्या वर बॉन्ड विकून घरी निघाली आणि विमान अपघातात गेली. गायिका केट स्मिथ १९४३ मध्ये दिवसभर रेडिओवर परत परत येऊन बॉन्ड घ्या म्हणत होती. शिवाय पगारातून कापून घ्यायच्या योजना होत्या. बाजारात माल कमी आणि लोकांच्या खिशात पगार जास्त, त्यामुळे महागाई भडकू नये म्हणूनही तो पैसा बॉन्डमध्ये अडकवायचा होता.

आत्या, त्या क्यूआर कोडवर ना मुदत लिहिलीये, ना व्याज, ना पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते. एफडीला हात लावू नकोस, बँकेत जायच्या आधी मला फोन कर.